वायरींचा खण

«आमच्या टीव्हीखालच्या कपाटाचा मधला खण एकदा उघडला की बंद होत नाही आणि बंद असला की उघडत नाही. आत वायरी. मागच्या रविवारी मोजायला बसले, चाळिसापर्यंत आले आणि गुंता तसाच आत ढकलला. एवढ्या वायरी असून रोज संध्याकाळी घरात आरोळी ठरलेली, ‘माझा चार्जर कुणी घेतला?’ यांचा नवा ट्रिमर नव्या चार्जरवर चार्जच होत नाही, दुकानदार म्हणतो ट्रिमर चांगला आहे. मुलाचा फास्ट चार्जर कधी फास्ट असतो, कधी नसतो. गेल्या महिन्यात सासऱ्यांनी (सगळे त्यांना अण्णा म्हणतात) ‘पिन बसतेय ना’ म्हणून खणातला एक ॲडॉप्टर राउटरला लावला. राउटर गेला. तरीही एक वायर टाकू देत नाहीत. टेलिफोन खात्यात नोकरी झाली आहे, त्यामुळे वायरींबद्दल आम्ही कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. काय करू?»
— वायरीत अडकलेली, डोंबिवली

ताई,

आधी अण्णांची बाजू घेतो, राग मानू नका. ‘टाकली की तिसऱ्या दिवशी लागते’ ही त्यांची भीती खोटी नाही. ती खरी ठरते, कारण टाकताना ती वायर कशाची हे कुणालाच ठाऊक नसतं. तुमच्या खणात कचरा फारसा नसावा. बेवारस माल मात्र भरपूर आहे. प्रत्येक वायरीचं नाव-गाव कळलं की निम्म्या आपोआप निघतील, आणि त्या तुम्ही नव्हे, अण्णाच काढतील. कसं ते पुढे सांगतो.

माल एवढा साठतो कसा, ते बघा. फोन एक्स्चेंजला देतो तेव्हा दुकानदार जुना चार्जर मागत नाही. नवरदेव गेला, वरात घरात राहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ आला तेव्हा ॲपलने खोक्यातून चार्जर काढला आणि केबल ठेवली. मग इतर काही कंपन्यांनीही तेच केलं. शिवाय ट्रिमर, टॉर्च, कानातले बड्स, ब्लूटूथ स्पीकर, प्रत्येकासोबत वीतभर केबल येते. त्यामुळे केबली वाढत गेल्या, चार्जर तेवढेच राहिले, आणि संध्याकाळची आरोळी त्यातूनच येते.

एक रविवार सकाळ काढा. पोहे झाल्यावर दोन तास पुरतात. सामान एवढंच : जमिनीवर पसरायला वर्तमानपत्र, रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप, काळा परमनंट मार्कर, टॉर्च, बारीक अक्षरं वाचायला भिंग आणि श्रीखंडाचे अर्धा किलोचे सात-आठ रिकामे डबे. मराठी घरात हे डबे सापडले नाहीत तर पत्ता चुकला असं समजा. एक मीटरची केबल गुंडाळली की त्यात बरोबर बसते.

खण उपडा करायच्या आधी जुने फोन, पॉवर बँका, सुट्या बॅटऱ्या बाहेर काढा. एखादी फुगलेली दिसली, पापडासारखी पोट आलेली, तर ती दाबायची नाही, टोचायची नाही आणि ‘चालते का बघू’ म्हणून चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. पत्र्याच्या डब्यात तळाला कोरडी वाळू घालून त्यात ती वेगळी ठेवा आणि पहिली संधी मिळताच ई-कचऱ्यात द्या. बाकीची सगळी गंमत ही झाल्यावर.

आता गुंता. टोकं ओढू नका, गाठ घट्ट होते. मधून सैल करत बाहेरच्या दिशेला जा. गुंता आपल्या गबाळेपणामुळेच होतो असंही नाही. २००७ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी दोऱ्या एका खोक्यात घालून ते खोकं ३,४१५ वेळा फिरवून पाहिलं. साधारण ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठ पडत नव्हती, लांबी वाढली की काही सेकंदांतच पडत होती. या कामाला पुढच्या वर्षी इग्नोबेलही (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. म्हणजे दीड मीटरची केबल मोकळी ठेवून खण रोज उघडझाप केलात, की तुम्ही घरबसल्या तोच प्रयोग करता.

सुटलेल्या वायरींचे ढीग लावा. गोल पिनांचे ॲडॉप्टर एकीकडे, मोबाइलच्या प्रकारातल्या केबल आणि चार्जर दुसरीकडे, भिंतीच्या सॉकेटमधून थेट येणाऱ्या कॉर्ड तिसरीकडे, आणि ज्यांच्याकडे बघून फक्त जुनी आठवण येते त्या चौथीकडे.

राउटर गोल पिनेच्या ढिगातल्या ॲडॉप्टरने गेला, म्हणून तिथून सुरुवात. टाइप सी (नव्या फोनचं लंबगोल, दोन्ही बाजूंनी बसणारं तोंड) आणि गोल पीन यांच्यात स्वभावाचा फरक आहे. टाइप सी चार्जर आधी विचारतो, समोरच्याने मागितलं तरच पाचाच्या वर व्होल्ट वाढतो. गोल पीन आग्रह करणाऱ्या आजीसारखी असते, तुम्हाला पचेल की नाही न विचारता तिच्याकडे जे आहे ते पानात पडतं. पिनेचा बाहेरचा व्यास बहुतेक वेळा ५.५ मिलिमीटरच असतो, मग आतले व्होल्ट ५ असोत, ९ असोत की १२. म्हणून ‘पिन बसतेय ना’ यावरून काहीच ठरत नाही.

बघायच्या तीन गोष्टी. ॲडॉप्टरवर ‘आउटपुट’ लिहिलेली ओळ वाचा आणि राउटरच्या पोटावर छापलेल्या ओळीशी ताडा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. टाकी मोठी असली तरी बादली तिच्या मापाचंच पाणी घेते. तिसरं म्हणजे धन-ऋणाचं छोटं चित्र, मध्ये ठिपका, भोवती अर्धगोल, बाजूला अधिक आणि उणे. ठिपका अधिकला जोडलेला असेल तर मधली पीन धन. बहुतेक वेळा असंच असतं, पण ‘बहुतेक’वर राउटर लावू नका, दोन्हीकडचं चित्र जुळवा. आकड्यांसमोर सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असेल तर डीसी. नागमोडी रेघ असेल तर तो एसी देणारा ॲडॉप्टर, तो आजच्या राउटरला लावायचाच नाही.

चुकल्यावर काय दिसतं तेही ओळखता यावं. १२ व्होल्टच्या राउटरला ९ चा लावला तर दिवे लागतात, पण तो दर दोन मिनिटांनी रीस्टार्ट होतो आणि घरातले इंटरनेट कंपनीला शिव्या घालतात. अँपिअर कमी पडले तर ॲडॉप्टर हाताला चटका देण्याइतका तापतो. ९ च्या राउटरला १२ चा लावला तर कधी निभावतं, कधी तुमच्यासारखं होतं. विटेसारखे जड, जुने ट्रान्सफॉर्मरचे ॲडॉप्टर आणखी फसवे. त्यांवर ९ लिहिलेलं असलं तरी भार नसताना बारा-तेरा व्होल्टसुद्धा निघतात. ते सरळ बाहेर.

ओळख पटलेल्या ॲडॉप्टरवर तिथल्या तिथे टेप लावा आणि लिहा : ‘राउटर, १२ व्होल्ट, १ अँपिअर’. नुसतं ‘राउटर’ लिहू नका, पुढचा राउटर वेगळा असेल. नवा राउटर आला की खोकं उघडल्या उघडल्या, भिंतीत घालण्याआधी ही टेप. ज्या ॲडॉप्टरचं यंत्र घरात उरलेलं नाही, तो एकटा काय करणार?

आता मोबाइलचा ढीग. तुमच्या ट्रिमरचं कोडं इथे सुटतं आणि दुकानदार खोटं बोललेला नाही. टाइप सीच्या तोंडात, घेणाऱ्या यंत्राच्या बाजूला, ५.१ किलोओमचे दोन बारीक रेझिस्टर असायला हवेत. ‘मी इथे आहे, मला ५ व्होल्ट दे’ हे ते चार्जरला कळवतात. स्वस्त ट्रिमर, टॉर्च, स्पीकरमध्ये बऱ्याचदा कंपनी हे दोन रेझिस्टर गाळते. किंमत पैशांत असते, पण लाखो नग म्हटले की बचत होते. मग दोन्हीकडे सी असलेली केबल लावली की नवा चार्जर निरोपाची वाट बघत बसतो आणि वीज सोडतच नाही. जुना, चपट्या चौकोनी तोंडाचा (त्याला टाइप ए म्हणतात) चार्जर अशी चौकशी करत नाही, तो कायम ५ व्होल्ट देतो. म्हणून अण्णांच्या खणातला ५ व्होल्ट, १ अँपिअरचा म्हातारा चार्जर काढा, त्याला ए-टू-सी केबल लावा, ट्रिमर चार्ज होईल. हे अण्णांना मोठ्याने सांगा. पुढच्या वाटाघाटींत उपयोगी पडेल.

मुलाचा फास्ट चार्जर मूडी वाटतो त्याची कारणं साधी आहेत. सर्वांत जास्त वेळा दोष केबलचा असतो. साध्या सी-टू-सी केबलमधून ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट जातात. ५ अँपिअरच्या केबलमध्ये ओळख सांगणारी चिप असते, ती नसेल तर चार्जर तेवढा प्रवाह देतच नाही. काही फोन कंपन्यांची स्वतःची पद्धत आहे, व्होल्ट कमी आणि अँपिअर जास्त. तिथे त्यांचीच जाड केबल आणि त्यांचाच चार्जर लागतो. जोडीतला एक बदलला की फोन निमूटपणे साध्या वेगावर येतो. म्हणून या दोघांवर एकाच रंगाची टेप लावा आणि त्यांची ताटातूट करू नका. दुसरं कारण उष्णता. मे महिन्यात जाड कव्हरमध्ये, उशीखाली, त्यात गेम चालू, मग फोन स्वतःच वेग कमी करतो. आणि साधारण ८० टक्क्यांपुढे वेग उतरतोच, तेवढ्यासाठी नवा चार्जर आणू नका.

‘पिन लूज झालीय, हलवून धरली की चार्ज होतं’ अशी ज्या फोनची तक्रार असेल, त्याची केबल टाकण्याआधी फोनच्या तोंडात टॉर्च मारून बघा. खिशातलं सूत आणि धूळ दाबून दाबून तळाशी त्याचा नमदा झालेला असतो, त्यामुळे पीन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करा. लाकडी टूथपिकचं टोक थोडं चपटं करा आणि कडेकडेने हलक्या हाताने खरवडा. टाइप सीच्या मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्यावर जोर द्यायचा नाही. मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन हा आपल्याकडचा सर्वरोगहारी उपाय आहे, पण इथे नको, धातूने आतले संपर्क ओरखडतात किंवा एकमेकांना चिकटतात. तोंडाने फुंकरही नको, सोबत वाफ जाते. एवढ्यावर निम्म्या ‘खराब’ केबली बऱ्या होतात.

उरलेल्या खरंच खराब असतात, आणि त्या मानेशी मरतात. प्लग न धरता वायर धरून ओढली की आतल्या बारीक तारा एकेक करून तुटतात. वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळणं म्हणजे मोडलेल्या हाडावर मफलर. मान कडक होते, आणि इंचभर पुढे नवी घडी पडते. उरलेल्या दोन-चार तारांवर सगळा भार आला की जागा तापते. अशी टेपवाली केबल दिसली की दयामाया नको.

तपासणीची रीत अशी : घरातला एक चांगला फोन आणि एक चांगला चार्जर घ्या, प्रत्येक केबल त्याला लावा, मान हलकी वाकवून बघा, चार्जिंगचं चिन्ह लुकलुकलं तर ती बाद. मग लॅपटॉपला लावा. फोनने फाइलींबद्दल विचारलं नाही तर तिच्यात फक्त विजेच्या दोन तारा आहेत, डेटाच्या नाहीत. ती ट्रिमरला द्या. अण्णांना रस वाटला तर काहीशे रुपयांत छोटा यूएसबी मीटर मिळतो, व्होल्ट आणि अँपिअर आकड्यांत दाखवतो. खात्यातल्या माणसाच्या हातात मीटर दिला की अर्धं भांडण संपतं.

चार्जरवर ‘आर’, मग आडवी रेघ आणि आठ आकडे, असा भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक बघा. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो घालून कंपनीचं नाव जुळतं का तेही कळतं. फुटपाथवरच्या पाऊणशे रुपयांच्या चार्जरवर बऱ्याचदा क्रमांकच नसतो. बाळाच्या उशाशी असला चार्जर लावायचा का, याचं उत्तर तुम्हीच द्या.

भिंतीच्या कॉर्डबद्दल थोडक्यात. इंग्रजी आठच्या आकाराचं तोंड, म्हणजे आपली ‘टेपरेकॉर्डरची वायर’, अजून प्रिंटर आणि सेट-टॉप बॉक्सला चालते. एक चांगली ठेवा, पण तिच्यावर जड उपकरण लावू नका. कॉम्प्युटरची तीन भोकांची एक, लॅपटॉपची तीन पाकळ्यांची एक. तिसरी जाड पीन मोडून टू-पिनमध्ये घातलेली कॉर्ड दिसली तर आत्ताच कापा, ती पीन अर्थिंगची असते. बाकी, साल तडकली असेल तर बाहेर.

चौथा ढीग भावनिक आहे. पिवळा-लाल-पांढऱ्या तीन बोंडांची डीव्हीडीची वायर, निळ्या रुंद तोंडाची जुन्या मॉनिटरची, नोकियाची बारीक पीन, तीस पिनांची चपटी जुन्या आयफोनची. आयफोनने २०१२ मध्ये तीस पिना सोडून लायटनिंग घेतली, २०२३ मध्ये लायटनिंग सोडून टाइप सी घेतली. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप सीची सक्ती आहे. जुनी तोंडं परत येणार नाहीत. मात्र घरी मायक्रोची (सीच्या आधी अँड्रॉइड फोनना असायचं ते छोटं तोंड) एखादी टॉर्च किंवा स्पीकर असेल तर मायक्रोच्या दोन केबल हव्यातच, आता दुकानात सी आधी पुढे करतात.

पाच माणसांच्या घरात किती ठेवायच्या? सी-टू-सी तीन (लॅपटॉप सीवर चालत असेल तर त्यातली एक १०० वॅटची), ए-टू-सी तीन, मायक्रो दोन, लायटनिंग घरात जेवढे जुने आयफोन तेवढ्या. एचडीएमआय एक, लॅनची एक, लँडलाइनची चपटी एक, कारण फायबरच्या डब्यालाही फोनचं भोक असतं. वरच्या तीन कॉर्ड. चाळिसांतल्या सोळा-सतरा झाल्या.

राहिलेल्या टाकायच्या कशा, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर अण्णांच्या नोकरीत आहे. सरकारी खात्यात कुणी काही ‘टाकत’ नाही. वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढते, निरुपयोगी ठरते आणि मग तिचं निर्लेखन, म्हणजे राइट ऑफ, होतं. एक दोनशे पानी वही आणा. रकाने आखा : अनुक्रमांक, वर्णन, कोणत्या यंत्राची, चाचणीचा निकाल, शेरा. अण्णा अध्यक्ष, तुम्ही सदस्य, नातू लेखनिक. ज्या वायरीच्या ‘कोणत्या यंत्राची’ या रकान्यात काहीच लिहिता येत नाही, तिच्यावर शेरा पडतो ‘सहा महिने निरीक्षणाखाली’. ती वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तारीख, पिशवी माळ्यावर. दिवाळीच्या आवराआवरीत पिशवी न उघडता खाली उतरली, तर अण्णांनी सही करायची. जो माणूस सुनेच्या सांगण्यावरून वायर टाकणार नाही, तो स्वतःच्या सहीने ती खुशाल राइट ऑफ करतो.

निर्लेखित माल भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. तांब्यासाठी काही ठिकाणी वायरी जाळतात, आणि पीव्हीसीचं साल जळताना विषारी धूर होतो. नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत हीच वाट सांगितली आहे. महापालिका आणि सोसायट्यांचे संकलनाचे दिवस असतात, सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकलात तर आणखी दहा खण रिकामे होतील.

ठेवलेल्या केबली कोपराभोवती आवळून गुंडाळू नका. चहाच्या कपाएवढा सैल वेढा घ्या आणि जुन्या पायजम्याच्या नाडीच्या तुकड्याने बांधा. रबरबँड नको, उन्हाळ्यात वितळून वायरीला चिकटतं. डब्यांवर बाहेरून लिहा. नाहीतर श्रीखंड म्हणून कुणीतरी फ्रीजमध्ये ठेवेल.

आणि संध्याकाळची आरोळी? प्रत्येकाच्या चार्जरला आणि केबलला त्याच्या रंगाची टेप. दिवाणखान्यात एक सामायिक चार्जर, त्याची केबल टेबलाच्या पायाला नाडीने दोन ठिकाणी बांधलेली. बांधलेली वायर कुणी बेडरूममध्ये नेत नाही. नेली तर टेबल सोबत जाईल, चोर सापडेल.

चौथ्या ढिगात लँडलाइनच्या रिसीव्हरची ती स्प्रिंगसारखी वळणावळणाची वायर नक्की निघेल. तिचं यंत्र घरात नसेल. अण्णा रजिस्टरात ‘सेवेत’ असं लिहितील. सदस्य म्हणून तुम्ही खाली सही करा.